शंभरात एकतीस

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात, असं मी ऐकलं आहे. माझ्याकडून ते होणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे तुमची फसवणूक व्हायची नाही. एका माणसाविषयीचा राग मी समईतल्या तेलासारखा जपला. रोज थोडा जाळला, पण संपू दिला नाही. त्या रागाची आणि त्यातून जे घडलं त्याची ही गोष्ट आहे.

माझा देह पितळेचा, वरून काळा रंग दिलेला. पाय जड, म्हणजे टेबलाला धक्का लागला तरी मी हलू नये. माझी भिंगं एका म्हाताऱ्या कारागिराने घासली. तो प्रत्येक भिंगावर तोंडाची वाफ सोडायचा आणि ती वाफ कशी उडते ते पाहत बसायचा. सगळीकडून सारखी उडाली तर मान डोलवायचा, नाही तर पुन्हा घासायला घ्यायचा. मला पेटीत ठेवताना तो शेजारच्या कारागिराला म्हणाला, "याला आहे ते दाखवता येतं, नाही ते दाखवता येत नाही. बाकी याला काही येत नाही." देवाने मला तोंड दिलं नाही, डोळा मात्र दिला. त्या डोळ्याशी इमान राखायचं, हा माझा पहिला नेम.

पेटीतून मी निघालो तो थेट एका गावाच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. तीन खोल्या होत्या. एक तपासणीची, एक साहेबांची आणि मागे काचेची भांडी धुण्याची. तपासणीच्या खोलीत मी खिडकीपाशी बसायचो आणि माझ्यापुढे बाई बसायच्या.

बाईंना सगळे बाईच म्हणत. आवाज इतका मऊ, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. सकाळी आल्या की हात धुवायच्या, माझ्यावरचं कापड काढून त्याची घडी घालायच्या, मऊ सुती फडक्याने भिंग टिपायच्या. मग खिडकीतल्या पहिल्या बरणीतला थेंब घ्यायच्या. ती बरणी टेकडीवरच्या झऱ्याच्या पाण्याची. बाकीच्या बरण्यांमध्ये कितीही घाई असली, तरी पहिला थेंब तिचाच.

"चांगलं कसं असतं ते रोज आधी बघून घ्यावं," त्या म्हणायच्या. "नाहीतर वाईटाचीच सवय लागते."

त्या बरणीत वाळलेल्या गवताचा काढा घातलेला असे आणि त्या काढ्यावर पॅरामेशियम वाढत. मित्रांनो, हा जीव एका पेशीचा. त्याचं घर, पोट, हात, पाय सगळं त्या एका पेशीतच. आकार चपलेच्या तळव्यासारखा, अंगभर बारीक केसांची झालर. ती झालर हलवत तो गिरक्या घेत पोहतो. त्याच्या पोटात दोन केंद्रकं असतात. मोठं केंद्रक रोजचा संसार चालवतं. काय खायचं, केव्हा दुभंगायचं, सगळा कारभार त्याच्याकडे. लहान केंद्रक त्याला चिकटून बसलेलं असतं, ते पुढच्या पिढीची ठेव सांभाळतं. एरवी ही केंद्रकं दिसत नाहीत. पण बाई थेंबात लाल रंग सोडायच्या आणि दोन्ही केंद्रकं देव्हाऱ्यातल्या कुंकवासारखी उठून दिसायची. एक गोळा, एक टिकली.

मग बाई शंभर पेशी मोजायच्या. शंभराला एक कमी नाही, एक जास्त नाही. ज्यांचं केंद्रक तुटलेलं, फुगलेलं किंवा विस्कटलेलं असेल त्यांच्यासाठी वहीत एक रेघ. झऱ्याच्या पाण्यात शंभरात एक किंवा दोन निघायची. तेवढं चालायचंच, बाई म्हणायच्या, जित्या जिवाचं थोडं मोडणारच.

माझ्या डोळ्यात एक केस आहे. खोटं वाटेल, पण खरा माणसाचा केस. डोळा लावायच्या नळीला, म्हणजे आयपीसला, आतून बाईंनी तो चिकटवला. पाहणाऱ्याला गोल उजेडात एक काळी रेघ दिसते आणि तिचं टोक नेमकं कुठे बघायचं ते दाखवतं. हा केस बाईंच्या धाकट्या बहिणीचा. ती एकदा डबा द्यायला आली होती आणि बाईंनी मागून तिच्या डोक्यातला एक केस ओढला.

"आई गं! अक्का, माझे केस काय फुकटचे आहेत?"

"एकच हवाय गं. माझे बारीक आहेत, दिसत नाहीत. तुझा एकेक म्हणजे दोरखंड आहे."

"मग दोरखंडाचं नाव तरी ठेव. ही माझ्या बहिणीची आठवण, असं लिही खाली."

"लिहायला कशाला हवं? रोज डोळ्यासमोरच असणार आहेस."

त्याच वर्षी एक नवा रसायनतज्ज्ञ कामाला लागला. ताजी पदवी आणि कडक इस्त्रीचा शर्ट. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या डोळ्याला डोळा लावला आणि अर्धा तास खपून एक सुंदर गोल जीव कागदावर काढला. त्याला जाड कातडी, आत चकाकी, मधोमध केंद्रक. बाईंनी चित्र पाहिलं, मग माझ्यात डोकावल्या आणि ओठ दाबून हसल्या.

"हा हवेचा बुडबुडा आहे."

"आणि केंद्रक?"

"आयपीसवरचा धुळीचा कण."

पाण्याचे नमुने आणणारे मामा दारातच उभे होते. हातातल्या बाटल्यांमुळे त्यांना बाटलीमामा म्हणत. त्यांनी त्या क्षणी त्याचं बारसं उरकून टाकलं. "या, बुडबुडेसाहेब!" तो कानापर्यंत लाल झाला.

बाईंनी मात्र त्याला शेजारी बसवलं आणि मायेने शिकवलं. "शंका आली की दोन गोष्टी करायच्या. आधी आयपीस फिरवायचा. जे फिरलं ते आपलं, भिंगावरचं. मग स्लाइड सरकवायची. जे सरकलं ते त्याचं, थेंबातलं. आपलं आणि त्याचं, यात गल्लत करायची नाही." त्याने ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. मी पाहिलं आहे.

बारा वर्षांनी तो खरंच साहेब झाला. मधल्या खोलीत बसू लागला. माझ्याकडे यायचं कारण त्याला उरलं नाही.

तोवर धाकटी लग्न होऊन खालच्या आळीत राहायला गेली होती. आळीच्या वरच्या अंगाला एक कारखाना उभा राहिला. तिथे नळांच्या तोट्यांवर चकचकीत मुलामा चढवत. तोटीत तोंड दिसावं अशी चकाकी. ती चकाकी क्रोमच्या हौदात बुडवून येई आणि हौदाचं पिवळं पाणी नाल्यात जाई. नाला आळीच्या विहिरीला लागून वाहत होता.

एक दिवस धाकटी आली ती हात मागे धरून.

"दाखव," बाई म्हणाल्या.

"काही नाही गं, साबणाने झालंय."

"दाखव म्हणते ना."

तिच्या बोटांच्या सांध्यांवर बारीक गोल जखमा होत्या, टोचणीने कोरल्यासारख्या. "दोन महिने झाले, भरतच नाहीत. शेजारणीच्या पोराच्या तर तळव्यांना. आणि पोटं बिघडणं हे आता आमच्याकडे रोजचंच." मग ती हसली. "अक्का, तुमच्या कागदावर आमचं पाणी अगदी गंगाजळ आहे म्हणे?"

कागदावर खरंच तसं होतं. दर मंगळवारी बाटलीमामा नमुना आणत आणि दर मंगळवारी रसायनाची चाचणी पाण्याला पास करी.

मामा खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकून म्हणाले, "बाई, एक सांगू? मंगळवारी तो नाला न्हाऊन-धुऊन, भांग पाडून बसतो. मुलगी बघायला पाहुणे यायचेत ना! कारखान्याला आपला वार तोंडपाठ आहे. सोमवारी रात्रीपासून साधं पाणी सोडतात."

"मग शुक्रवारी आणा," बाई म्हणाल्या.

"साहेबांना सांगून?"

"पाण्याला विचारून."

शुक्रवारचं पाणी आलं. त्याला किंचित पिवळी झाक होती, पांढऱ्या कागदापुढे धरलं तरच दिसणारी. बाईंनी झऱ्याच्या बरणीतले पॅरामेशियम दोन बशांत वाटून घेतले. एका बशीत झऱ्याचंच पाणी, दुसऱ्या बशीत विहिरीचं. तीन दिवस ठेवलं. चौथ्या दिवशी लाल रंग सोडला आणि माझ्या डोळ्याला डोळा लावला.

मित्रांनो, मी आयुष्यभर मेलेलं आणि जगणारं पाहत आलो, पण त्या दिवशी जे पाहिलं ते विसरलो नाही. रंग सोडेपर्यंत पेशी पोहत होत्या, झालर हलत होती, वरून सगळं ठीक. आत मात्र मोठ्या केंद्रकाचे तुकडे झाले होते. कुणाचे दोन, कुणाचे पाच, कुणाचं केंद्रक ओढून दोरीसारखं झालेलं, कुणाचं फुगून फिकट पडलेलं. आणि ती टिकली, पुढच्या पिढीची ठेव, कित्येकांत नव्हतीच.

बाईंनी शंभर मोजल्या. एकतीस. पुन्हा नवा थेंब, पुन्हा शंभर. एकतीस. झऱ्याच्या बशीत दोन.

संध्याकाळी त्यांनी धाकटीला समजावलं. "या पिवळ्या क्रोमचं असं आहे, ते पेशीच्या दाराशी ओळखीच्या चेहऱ्याने येतं. पेशीला वाटतं, हे आपल्या रोजच्या खाण्यातलंच काहीतरी. ती दार उघडते. आत गेलं की ते रूप पालटतं आणि केंद्रकातले धागे तोडत सुटतं."

धाकटीने आपल्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे दार आपणच उघडायचं होय?"

बाईंनी त्या थेंबाची कायमची स्लाइड केली. पेशी पारदर्शक राळेत बसवल्या, वर पातळ काच, आणि काचेच्या कडेवर हिऱ्याच्या लेखणीने तारीख कोरली. मग अहवाल लिहिला आणि विहीर बंद करावी असं खाली लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेब आमच्या खोलीत आला. त्याच्यामागे दोन माणसं एक मोठं खोकं धरून. खोक्यात एक नवा सूक्ष्मदर्शक होता, पांढराशुभ्र, कॅमेऱ्याचा, पडदा जोडलेला. खोक्यावर त्याच तोट्यांच्या कारखान्याचं भेटीचं कार्ड होतं.

"बाई, हा अहवाल मागे घ्या," साहेब म्हणाला. "शुक्रवारी नमुना घ्यायची परवानगी कुणी दिली? आणि हे तुकडे-बिकडे काय? हे जुनं यंत्र आहे. भिंगावर बुरशी असणार. बुरशीचे आणि रंगाचे ठिपके मोजलेत तुम्ही."

"एकदा डोळा लावून बघा, साहेब," बाई म्हणाल्या. "दोनच गोष्टी करायच्या आहेत. तुम्हाला ठाऊक आहेत."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी तयार होतो. भिंग स्वच्छ, स्लाइड जागेवर, उजेड नेमका, केसाचं टोक फुटलेल्या केंद्रकावर. त्याच्या आणि माझ्या मध्ये वीतभर अंतर होतं. नुसतं वाकायचं होतं.

तो वाकला नाही.

"मला बघायची गरज नाही," तो म्हणाला. खिशातून एक लाल पट्टी काढली आणि माझ्या मानेला बांधली. तिच्यावर लिहिलं होतं, नादुरुस्त.

मित्रांनो, न बघता! चुकून काही वेगळं दिसलं असतं, बघून मत बदललं असतं, तर मी त्याला आज काही म्हणालो नसतो. पण ज्याने बुडबुड्याला केंद्रक काढलं त्याला मी मुकाट्याने शिकू दिलं, आणि त्याने मला न बघता खोटं ठरवलं. त्याच क्षणी मी ठरवलं, याला एक दिवस बघायला लावीन. सुडाची शपथ देवासमोर घेऊ नये म्हणतात. मी घेतली.

बाईंची बदली झाली, म्हणजे दोन खोल्या ओलांडून. भांडी धुण्याच्या खोलीत. वीस वर्षं शंभर-शंभर पेशी मोजणाऱ्या हातांना बाटल्या घासायला दिल्या. जाताना त्यांनी मला स्वतः पेटीत ठेवलं आणि ती स्लाइड पेटीच्या अस्तराच्या खाचेत सरकवली. पेटी त्याच खोलीतल्या मोरीशेजारच्या कपाटात गेली.

काळोख सुरू झाला. मी रोज एक नेम धरला. बाई कामावर आल्याचा नळ वाजला की मनात एकदा म्हणायचं, शंभरात एकतीस. जपासारखं. एवढं झालं की दिवस उजाडला समजायचा.

कपाटाच्या फळीतून बोलणं ऐकू यायचं.

"बाई, अहो सोडा नोकरी," बाटलीमामा म्हणायचे. "तुमच्यासारखीने बाटल्या घासायच्या?"

"बाटलीसुद्धा स्वच्छ घासावीच लागते, मामा. नाहीतर नमुना बिघडतो."

"नमुना! तो बुडबुडे पडद्यावर रंगीत सिनेमा दाखवतो पाहुण्यांना. पेशी पोहतात, पाहुणे वाहवा म्हणतात, चहा पितात, जातात. रंग सोडून कुणी बघतच नाही आतलं."

कधी धाकटी यायची. तिने आळीतल्या बायकांच्या सह्या घेऊन अर्ज लिहायला सुरुवात केली होती. "सहावा पाठवला," ती सांगायची. मग, "आठवा." एकदा ती नुसतीच रडली. शेजारणीचं पोर दवाखान्यात होतं. बाई तिला काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. त्यांचा आवाजच तसा.

आणि त्या कपाटात आणखी एक गोष्ट घडत होती, जी मी कुणालाच सांगू शकत नव्हतो. मोरीची ओल भिंतीतून झिरपत होती. ती कपाटात आली, मग पेटीत, मग माझ्या आयपीसच्या आत. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मला काचेवर काहीतरी रांगताना जाणवलं. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी.

मला खोटं पाडण्यासाठी त्याने जे थाप म्हणून सांगितलं, ते काळोख खरं करत होता. मी देवाची करुणा भाकली. मला पुन्हा उजेड दिसेल तेव्हा डोळा शिल्लक असू दे, अर्धा तरी असू दे.

तीन वर्षांनी धाकटीच्या अकराव्या अर्जाला उत्तर आलं. वरच्या कचेरीतून एक तपासनीस आल्या. उंच, करड्या केसांच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्या अकरा अर्जांची चळत घेऊन आल्या होत्या. साहेबाने पडदा लावला, पेशी पोहून दाखवल्या.

"हे पोहतायत ते दिसतंय," तपासनीस म्हणाल्या. "केंद्रकं कुठायत? यात तीन वर्षांपूर्वीच्या एका अहवालाचा उल्लेख आहे."

"तो रद्द केलाय मॅडम. उपकरण सदोष होतं. भिंगावर बुरशी."

"ते उपकरण कुठाय?"

साहेब बोलायच्या आत धुण्याच्या खोलीचं दार उघडलं. बाईंचे हात ओले होते. त्यांनी ते पुसले, कपाट उघडलं आणि पेटी उचलून आणली. मागोमाग बाटलीमामा. आणि व्हरांड्यात बसून राहिलेली धाकटीही न विचारता आत आली.

उजेड! मित्रांनो, तो उजेड मला सहन होईना. बाईंनी मला खिडकीपाशी, माझ्याच जागी ठेवलं. भिंग टिपलं. खाचेतून स्लाइड काढली, तारीख तपासनीसांना दाखवली, आणि डोळा लावून भिंग वर-खाली करणारी चक्री फिरवली. चक्री गंजली होती. मी सगळा जीव एकवटला. करकर वाजली, अडली, मग फिरली.

बाई क्षणभर थांबल्या. त्यांनी धागे पाहिले असणार. पण त्या बाजूला झाल्या.

"साहेब, बघा," तपासनीस म्हणाल्या.

आणि तो वाकला. तीन वर्षांनी, त्याच टेबलापाशी, सगळ्यांच्या देखत तो माझ्यापुढे वाकला. त्याच्या पापणीची ऊब मला काचेवर लागली. मी वाट पाहिली होती त्याहून ती जास्त गोड होती.

मग तो सरळ झाला आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. "मॅडम, स्वतःच बघा. बुरशी! धागेच्या धागे. आणि ठिपके. मी तेव्हाही हेच म्हणत होतो."

तपासनीसांनी पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "बुरशी आहे खरी."

माझ्या काळजात, ते असलं तर, धस्स झालं. धाकटीने बाईंचा हात घट्ट धरला.

"आहे," बाई म्हणाल्या. सगळे पुढे वाकून ऐकू लागले. "तीन वर्षं मोरीशेजारी होता, बुरशी धरणारच. साहेब, तुमचा पहिला दिवस आठवतो? आयपीस फिरवा."

"याची काही—"

"फिरवा हो," तपासनीस म्हणाल्या. "डोळा न उचलता. काय दिसतं ते बोला."

साहेबाने पुन्हा डोळा लावला, नळी बोटांत धरली, फिरवली. "केस फिरतोय," तो म्हणाला. "धागे... धागेही फिरतायत."

"आणि ठिपके?"

त्याने पुन्हा एकदा नळी फिरवली.

"ठिपके, साहेब?"

"ते... जागेवरच आहेत."

"आता स्लाइड सरकवा."

त्याने सरकवली. त्याच्या कानशिलावरून घामाचा एक थेंब निघाला आणि माझ्या पितळेवर पडला.

"ठिपके सरकले," तो म्हणाला. आवाज बाईंच्यापेक्षा हळू होता. "पेशींबरोबर सरकले."

"जे फिरलं ते आपलं," बाई म्हणाल्या. "जे सरकलं ते त्यांचं. बुरशी आमची आहे, मॅडम. तुकडे त्या पेशींचे आहेत."

बाटलीमामा दारातून म्हणाले, "फुटला बुडबुडा!"

पण बाईंचं झालं नव्हतं. इतक्या मऊ आवाजाच्या बाईच्या आत काय साठलं होतं ते मला त्या वेळी कळलं. मला वाटत होतं कपाटात मीच एकटा जप करतोय. त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं, पेन्सिल ठेवली. "आता मोजा, साहेब. शंभर. मोठ्याने."

त्याने तपासनीसांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून बसल्या. "मोजा. मला वेळ आहे."

तो मोजू लागला. "एक, चांगली. दोन, चांगली. तीन... तुटलेली." धाकटी प्रत्येक तुटलेलीला वहीत रेघ मारत होती. पेन्सिल धरलेल्या तिच्या बोटांवर जुन्या खळग्यांचे व्रण होते. मी एकही पेशी पुसट होऊ दिली नाही. बुरशीच्या धाग्यांमधून, गंजलेल्या चक्रीतून, मी त्याला एकेक तुकडा कोरून दाखवला. एखादी घाईने ओलांडायला गेला की केसाचं टोक तिच्यावर येई आणि तो थांबे. साठीला त्याचा घसा कोरडा पडला. पाणी मागितलं. बाटलीमामांनी नाल्याच्या नमुन्याची बाटली पुढे केली. "शुक्रवारची आहे. ताजी!"

कुणी हसलं नाही. त्याने बाटलीकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि कोरड्या घशानेच मोजत राहिला.

शंभर झाले. धाकटीने रेघा मोजल्या. "एकतीस," ती म्हणाली.

मीसुद्धा मनात म्हणालो. माझा एक हजार त्र्याण्णवावा जप.

विहिरीवर त्याच दिवशी झाकण पडलं. आळीला टेकडीच्या झऱ्याचा नळ आला. कारखान्याला हौदाचं पाणी शुद्ध करूनच सोडायची सक्ती झाली, आणि अचानक तपासणी. बाई आपल्या खुर्चीवर परत आल्या. पांढरं यंत्र भेटीच्या कार्डासह परत गेलं. माझ्या मानेची लाल पट्टी बाटलीमामांनी सोडली आणि साहेब बाहेर असताना त्याच्या खुर्चीला बांधून ठेवली. बाईंनी ती काढली, पण जरा सावकाशच.

बाईंनी माझा आयपीस उघडून बुरशी पुसली. एक धागा काचेत खोल उतरला होता, तो तसाच राहिला. केस त्यांनी हलवला नाही.

साहेबाला लोक काढून टाका म्हणत होते. तपासनीसांनी वेगळाच हुकूम लिहिला. दर शुक्रवारी नाल्याचं आणि विहिरीचं पाणी आणायचं, तीन दिवस पेशी त्यात ठेवायच्या, चौथ्या दिवशी शंभर मोजायच्या. मोजायच्या साहेबाने स्वतः, याच यंत्रावर, मोठ्याने. रेघ मारायची बाईंनी. याहून मोठी शिक्षा मला सुचली नसती. इतकी वर्षं देवाकडे मी जे मागत होतो, ते त्यांनी एका ओळीत लिहून दिलं.

तो एकदा एकटाच आला होता, दुपारी. "बाई, मला माफ करा," म्हणाला.

"मी केव्हाच केलं," बाई म्हणाल्या. "धाकटीला विचारा. तिच्या हातांना विचारा."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला माफ करता येत नाही. आहे ते दाखवता येतं, तेवढंच मला शिकवलं आहे.

अशी चार वर्षं झाली. आठवड्याला एकदा तो येतो, वाकतो, त्याची पापणी काचेला टेकते आणि मी दाखवतो. आता त्याचे केस पांढरे झाले आहेत. पहिल्या वर्षी आकडा अठ्ठावीस होता. मग एकोणीस, मग अकरा. साहेब आता पेशी ओलांडत नाही. परवा तर एका पेशीशी तो बराच वेळ थांबला, आयपीस फिरवला, स्लाइड सरकवली, आणि कुणी न सांगता म्हणाला, "तुटलेली. आता शंका नाही." मला ते आवडलं, आणि आवडल्याचा रागही आला.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझ्यासारखं कुणी कपाटात असेल. त्याला ओल लागू देऊ नका, भिंगाला बोट लावू नका, मऊ कापडाने टिपा. पण नुसतं पुसून ठेवू नका. आधी झऱ्याचा थेंब बघा. मग तुम्ही पिता तो. आणि कुणी न बघता बोलू लागलं, तर त्याला खुर्ची द्या, वही द्या आणि शंभर मोजायला सांगा.

गेल्या खेपेला साहेबाने शंभर मोजल्या. बाईंनी रेघा मोजल्या. दोन.

झऱ्याच्या बशीतही दोनच.

धाकटी डबा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. साहेबाने काचेवरून डोळा उचलला, तो ओला होता. "दोन," तो म्हणाला. "बाई, झालं. आता थांबू का?"

बाईंनी वहीत तारीख घातली, माझ्यावरचं कापड उचललं, त्याची घडी मोडली.

"पुढच्या खेपेलाही या," त्या म्हणाल्या.